रिपोर्ट माझा शून्य आला, घरात मीच सांगितलं (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जोडप्यांसाठी धागा)

हिरण्यकेशीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी संकेश्वरजवळच्या एका खेड्यातला. ऊस आहे, म्हशी आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही.

दवाखान्याच्या फायलीवर आजवर नाव बायकोचंच. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, नळ्या मोकळ्या आहेत का बघायला औषध सोडून एक्स-रे काढतात ती एचएसजीसुद्धा तिचीच. त्या दिवशी घरी येऊन ती पोट धरून पडली होती आणि धारांची वेळ झाली तशी उठून गोठ्यात गेली. सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी गोळ्या तिलाच. उपास तिलाच, सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगरही तिलाच. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळून विचारलं, "आणि यांची तपासणी?" फायलीत ती नव्हतीच. केली. शुक्राणू शून्य. काही आठवड्यांनी परत केली, परत शून्य. अझूस्पर्मिया म्हणतात याला. डॉक्टर म्हणाल्या, शंभर पुरुषांत साधारण एकाला असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांत तर शंभरात दहा ते पंधरा जणांना.

घरी आल्यावर सोप्यात आई-वडील दोघं बसलेले असताना सांगितलं. "तिच्यात काही नाही. माझ्यात आहे." आईचं पहिलं वाक्य : "हळू बोल, भिंतीपलीकडं माणसं आहेत." वडील उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना फोन करून त्यांनाही सांगितलं, कारण त्यांच्या गावात त्यांच्या लेकीबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत होतं.

धागा काढायचं कारण दोन आहेत. बायको मोबाईलवर अशा बायकांच्या एका ग्रुपात आहे. मुंबई-पुण्याच्या ताई आहेत, फार जीव लावतात, तिला खरंच आधार झाला. पण तिथलं बोलणं ऑफिसातून सुट्टी कशी काढायची, कुठल्या सेंटरला पार्किंग आहे, असं. आमच्याकडं म्हशीला सुट्टी नसते आणि कारखान्याचं बिल आल्याशिवाय पुढची तपासणी होत नाही. दुसरं म्हणजे त्या ग्रुपात पुरुष एकही नाही. बेळगावच्या दवाखान्यात बाकावर पुरुष मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असतात, शेजारच्याशी शब्द बोलत नाहीत. मीही तसाच बसत होतो.

आपल्या भागातलं, आपल्या बोलीत कुणी यातून गेलं असेल तर लिहा. डॉक्टरांची नावं नकोत, अनुभव लिहा. विशेषतः पुरुषांनी.

शहापूरची_वैनी

दादा, वाचून रडूच आलं. माझा नवरा अजून तपासणीला तयार नाही. "माझ्यात काय असणार" एवढं म्हणतो आणि विषय बंद. माझ्या मात्र सगळ्या झाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं सांगते. गल्लीत ओळीनं बसलो होतो. जिच्या घरी होतं ती ताट घेऊन एकेकीपुढं येत होती. माझ्यापाशी आली, कुंकू लावलं, वाण दिलं, सगळं केलं. पण ओटीचे तांदूळ शेजारणीच्या पदरात टाकले आणि पुढं गेली. शेजारीण नवी नवरी होती. कुणी काही बोललं नाही. मी वाण घेऊन घरी आले आणि मागावर बसले. त्यानंतर कुणाच्या घरी जाणं सोडलं.

तुम्ही सासऱ्यांना फोन केला, ते फार मोठं काम केलंत. माझ्या वडलांना असा फोन आला असता तर बरं झालं असतं. ते शेवटपर्यंत आपल्याच लेकीत काहीतरी कमी आहे असं समजून गेले.

लॅबमधला

मी बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. उपचार सांगणं माझं काम नव्हे, पण वीर्य तपासणीबद्दल लोक इतकं चुकीचं ऐकून येतात की लिहितो.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध ठेवायचा नसतो. कमी दिवस झाले तरी आकडा बिघडतो, फार दिवस झाले तरी बिघडतो. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर तासाभरात पोचला पाहिजे आणि अंगाजवळ, शर्टाच्या आत ठेवून आणायचा, थंडीवाऱ्यात पिशवीत लोंबकळत नव्हे. खानापूरहून एसटीनं निघालेला माणूस तासात पोचेल याची खात्री नसते, म्हणून लॅबमध्ये दिलेला बरा. नेहमीच्या निरोधात गोळा केलेला चालत नाही. निम्मं सांडलं असेल तर तसं सांगा, लाजू नका. पहिल्या धारेतच शुक्राणू जास्त असतात, ती सांडली तर रिपोर्ट खोटा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी : वीर्य १.४ मिलि, एका मिलीमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. होय, फक्त ४. "छ्याण्णव टक्के खराब निघाले हो" म्हणून रडत आलेला माणूस मी पाहिलाय. आणि आकडा याच्या खाली आला म्हणजे मूल होणारच नाही, असंही नाही.

शून्य लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ बघायचा असतो, आणि असे दोन वेगळे नमुने बघायचे असतात. रिपोर्टवर तसं लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

उद्यमबाग_भट्टी

होय की, लिहितो. पुरुषांनी लिहा म्हटलंय म्हणून.

मी फौंड्रीत. दिवसभर भट्टीसमोर. माझा शून्य नव्हता पण फार कमी होता. मूत्ररोगाच्या सर्जननी तपासून सांगितलं, व्हेरिकोसील आहे, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या. मूल होत नसलेल्या पुरुषांत ते बरंच सापडतं म्हणाले, तीनात एकापेक्षा जास्त जणांत. आणि अंडकोष शरीराबाहेर का असतो तर तिथं पोटापेक्षा थोडा गारवा लागतो. तुम्ही रोज ८ तास आगीसमोर, शिवाय तोंडात गुटखा. नवीन शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात, म्हणून आज बदल केला तर तीन महिन्यांनी रिपोर्ट काढा म्हणाले, तोवर दर आठवड्याला लॅबला पैसे देऊ नका.

मालकाला खरं कारण सांगता येईना. पाठ दुखते म्हणून मशीन शॉपला बदली मागून घेतली. मिळाली. गुटखा सोडणं जड गेलं, ते काम भट्टीपेक्षा अवघड. आकडा वाढला, पुरता नव्हे. पण मी सांगतोय ते वेगळंच. आमच्यात चहाला दहा माणसं रोज एकत्र. त्यातला एक गावी गेला, बायकोला दुसरीकडं दाखवून आला, दुसरं लग्न करायचं म्हणतोय. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझी तपासणी झाली का रे? नाही. मग माझा रिपोर्ट खिशातून काढून दाखवला. चहा गार होईपर्यंत तो वाचत होता. आता तो येतो म्हणालाय.

देवभोळा_९९

एवढं अवघड करू नका. आमच्या पाहुण्यात एक वैद्य आहेत, पुडी देतात, कुणाचं नाव गाव विचारत नाहीत. एकवीस दिवसात फरक. मुलगाच पाहिजे असेल तर वेगळी पुडी. नंबर देतो, (संपादकांनी काढला)

धागा-संपादक

नंबर काढला आहे. देवभोळा, तुमचा हेतू मदतीचा आहे हे मान्य, पण "मुलगाच" होण्याची पुडी विकणं गुन्हा आहे. १९९४ च्या कायद्यात लिंगनिवडीच्या जाहिरातीलाही शिक्षा आहे. या धाग्यावर औषधाचं नाव, डोस, पुडी, काढा, काहीच चालणार नाही. एकमेकांना इंजेक्शन सुचवायचं नाही.

लॅबमधला

संपादकांना जोडून एकच. जिमवाले आणि काही "ताकदीचे" इंजेक्शनवाले टेस्टोस्टेरॉन देतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू अंडकोषाला काम थांबवायचा निरोप देतो आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात. मूल पाहिजे म्हणून घेतलेलं इंजेक्शन नेमकं उलटं करतं. अंगाचे दंड बघून रिपोर्ट ठरत नाही. कुणी घेत असाल तर ती गोष्ट आधी डॉक्टरांना सांगा.

जांबोटीची

मी खानापूर तालुक्यातली, घाटाच्या तोंडावरचं गाव. आमचं आयव्हीएफपर्यंत, म्हणजे टेस्ट ट्यूबपर्यंत गेलं. नवऱ्याचा आकडा कमी, म्हणून इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं धरून बीजांडात सोडतात ती पद्धत.

लोक पैशाचं विचारतात, पैशाचं सांगते. एका वेळचा खर्च औषधं धरून दीड-दोन लाखांच्या पुढं गेला. आरोग्य विमा होता पण त्यात हे बसत नाही म्हणून सांगितलं. काजूची बाग गहाण ठेवायची चालली होती. सासूबाई रागीट बाई, मला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही. त्यांच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येतात. एके दिवशी पासबुक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे सोनोग्राफीला लाव, पोराला सांगू नको." बाकी काही बोलल्या नाहीत, पासबुकही परत मागितलं नाही.

इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची असतात, २ ते ८ अंशांत. आमच्याकडं पावसात दोन-दोन दिवस करंट नसतो. गावात बॅटरीवर फ्रिज चालू राहणारा एकच, किराणा दुकानदाराचा. दुधाच्या पिशव्या आणि थंड्याच्या बाटल्यांमध्ये माझी इंजेक्शनं. थायरॉईडचं आहे म्हणून सांगितलं होतं. रोज संध्याकाळी साखर, चहापूड असं काहीतरी घ्यायच्या निमित्तानं जायची आणि डबी उघडायची. शेवटचं इंजेक्शन असतं ते घड्याळ लावून द्यावं लागतं, बीजांडं काढायच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी. आमची वेळ रात्री उशिराची आली. आशाताई डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन पावसात आल्या आणि देऊन गेल्या. त्यांना सगळं माहीत, गावात एका शब्दानं बोलल्या नाहीत.

गर्भ राहिला नाही. गोठवलेले गर्भ अजून आहेत, ऊस-काजूचं बघून पुढचं करू.

अजून एक. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट. चांगलीच गोष्ट आहे, मी त्याच्यावरच इतक्या वेळा बेळगावला जाऊ शकले. पण घरचे म्हणायला लागले, तुझं तिकीट नाही तर तूच जाऊन ये, त्याचं कशाला. डॉक्टर "नवरा कुठाय" विचारतात तेव्हा काय सांगायचं? तुमच्या धाग्यावरून मी नवऱ्याला म्हटलं, तुझं तिकीट मी काढते. पुढच्या वेळी येतो म्हणालाय. कोल्हापूरला दाखवायचं असेल तर ही सवलत हद्दीपलीकडं नाही, ते धरून चला.

अनगोळ_सीमा

जांबोटीच्या ताई, कागदपत्रांचं कसं केलंत? आमच्या फाईलमध्ये संमतीपत्रं इंग्रजीत आहेत, समजावणारी सिस्टर कन्नडमध्ये बोलते, मधे हिंदी. मी मराठी शाळेतली. सही करा म्हणतात आणि पानं उलटत जातात.

जांबोटीची

मी पहिल्यांदा नुसत्या सह्या केल्या. नंतर दुसऱ्या वेळी म्हटलं, घरी नेते, उद्या आणते. तोंड वाकडं झालं पण दिलं. नणंदेच्या मुलीनं, ती कॉलेजात आहे, ओळ न ओळ वाचून सांगितली. त्यात उरलेल्या गर्भांचं काय करायचं याचा रकाना होता, तो मला आधी कुणी दाखवलाच नव्हता. सगळे पर्याय आपल्यालाच ठरवायचे असतात.

समुपदेशक_निवृत्त

मी या क्षेत्रात बरीच वर्षं समुपदेशन केलं. सीमाताई, हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा एआरटी कायदा २०२१ चा आहे. त्यात क्लिनिकनं जोडप्याला उपचाराचे परिणाम, धोके, यशाची शक्यता हे समजावून सांगणं आणि दोघांची लेखी संमती घेणं बंधनकारक आहे. क्लिनिक नोंदणीकृत पाहिजे, तक्रार ऐकणारी व्यवस्था तिथं पाहिजे. आयव्हीएफसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं. मराठीत समजावून सांगा असं स्पष्ट म्हणा. बेळगावात मराठी येणारं कुणीतरी बहुतेक दवाखान्यांत असतंच, बोलवायचा कंटाळा करतात एवढंच. आणि "शंभर टक्के यश" असं जो म्हणेल त्याच्या दारातून परत फिरा.

हिरण्यकेशीकाठ, तुमच्यासाठी. अझूस्पर्मिया म्हणजे एकच आजार नव्हे. एकात शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, दुसऱ्यात तयारच होत नाहीत किंवा फार थोडे होतात. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही रक्तातली संप्रेरकं, अंडकोषाचा आकार, वीर्याचं प्रमाण यावरून मूत्ररोगतज्ज्ञाला बराच अंदाज येतो. लागलं तर गुणसूत्रांची तपासणी. वयात आल्यानंतर गालगुंड झाले होते का, हेही विचारतात, आठवून ठेवा. वाट बंद असेल तर सुईनं शुक्राणू काढून इक्सी करता येते. तयार होत नसतील तरीही अंडकोषातच शुक्राणू शोधतात त्या मायक्रो-टेसे नावाच्या शस्त्रक्रियेत सुमारे निम्म्या पुरुषांत थोडे तरी सापडतात. इक्सी १९९२ पर्यंत जगात नव्हती, त्याआधी अशा पुरुषाला "काही इलाज नाही" एवढंच सांगायचे. म्हणजे तुमच्या वडिलांच्या पिढीला जे ऐकावं लागलं ते तुम्हाला ऐकायची गरज नाही.

कडोलीकर

मला एक पटत नाही, स्पष्ट बोलतो. घरात सांगणं ठीक. पण धाग्यावर जो तो "सांगा, सांगा" म्हणतोय. माझ्या मित्रानं सांगितलं. मावसभावाला विश्वासानं बोलला. आठवडाभरात गावात त्याला नाव पडलं, ते इथं लिहिणार नाही. बायलाट म्हणून हसतात ते वेगळंच. त्यानं ग्रामपंचायतीची उमेदवारी मागं घेतली. शहरात फ्लॅटचं दार लावून राहणाऱ्यांनी बोलणं वेगळं, गावात वेगळं. पुरुषाची लाज लाज नसते का?

हिरण्यकेशीकाठ

कडोलीकर, तुमचं दुखणं समजतं. मी गावाला सांगितलं नाही. ज्यांच्या तोंडून माझ्या बायकोला बोल लागत होते त्यांनाच सांगितलं : आई, वडील, सासरे. आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आत्यांना नको, त्यांच्या पोटात पाणी टिकत नाही. नाही सांगितलं.

मित्राची लाज मलाही कळते. पण माझी लाज झाकायला तिनं किती वर्षं उभं राहायचं? गावानं तिला जे म्हटलं ते मला म्हटलं असतं तर मी महिनाही काढला नसता. तिनं वर्षानुवर्षं काढलं, आणि तेही नसलेल्या गोष्टीसाठी. कमीत कमी आपल्या उंबऱ्याच्या आत तरी हे थांबलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

कडोलीकर

उंबऱ्याच्या आत, हे मान्य.

हिरण्यकेशीकाठ (पत्नी लिहिते आहे)

यांच्याच खात्यावरून लिहिते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले.

शहापूरच्या वैनी, तुमचं हळदीकुंकू वाचलं. आमच्याकडं गौरीच्या वेळी असंच होतं. तुम्ही जाणं सोडलं, मी सोडलं नाही, पण आत जळत जायची. आमच्या ग्रुपातली एक ताई म्हणाली होती, जायचं का नाही हे त्या त्या दिवशी ठरव, आधीपासून स्वतःवर ओझं घेऊ नको. बारशाला नाही गेलं तरी चालतं, आहेर पाठवून द्यायचा. डोहाळजेवणात वाढायला उभं राहायचं, म्हणजे पंगतीत बसून कुणी विचारत नाही. हे मी त्या ग्रुपात शिकले. मला तिथं कुणी सल्ला दिला म्हणून नाही, रात्री अडीच वाजता पाळी आली हे लिहिलं आणि तिघी-चौघी जाग्या होत्या, म्हणून मी तिथं राहिले.

हे सांगितल्यावर काय झालं तेही खरं लिहिते. सासूबाईंनी मला टोचून बोलायचं थांबवलं. पण आता मुलाला जपतात, त्याला दूध-तूप, आणि मी जवळून गेले की डोळे पुसतात. मला वाटलं होतं माझ्यावरचं ओझं उतरलं की हलकं वाटेल. थोडं वाटलं. मूल नाही ते नाहीच. त्याचं दुःख दोघांचं झालं, एवढा फरक. यांना रात्री झोप लागत नाही, ते मला सांगत नाहीत, म्हणून मीच म्हटलं धागा काढा.

अनामिक

खातं नवीन उघडून लिहितो, माफ करा. शून्यच आहे, शस्त्रक्रियेतही काही मिळालं नाही. डॉक्टरांनी दात्याचं वीर्य सुचवलं. घरचे म्हणतात बाहेरचं कशाला, धाकट्या भावाचं घ्या, रक्त तर आपलंच. बायको नाही म्हणते. मलाही नको वाटतं. पण घरात मी एकटा पडलो.

समुपदेशक_निवृत्त

अनामिक, तुम्ही आणि पत्नी दोघं एका बाजूला आहात, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

भावाचा प्रश्न कायद्यानंच मिटतो. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेकडून, रोगांच्या तपासण्या करून यावं लागतं. दाता कोण हे जोडप्याला सांगत नाहीत, आणि एका दात्याचं एकाच जोडप्याला देतात. जन्मलेलं मूल कायद्यानं तुमचं दोघांचंच असतं, दात्याचा त्यावर काही हक्क राहत नाही. घरी सांगायचं असेल तर "कायद्यात बसत नाही" एवढं सांगा. भावाच्या नावानं नाती बिघडायला नकोत.

आणि घाई करू नका. आधी जे नाही त्याचं रडू होऊ द्या. दात्याचा पर्याय घ्यायलाच पाहिजे असं नाही. काही जोडपी दोघंच राहायचं ठरवतात आणि चांगली राहतात, त्यांचं घरही पूर्ण घर असतं.

निपाणीकर_काकू

मी वयानं मोठी, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नका. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, तेव्हा पेपरात फोटो आला होता. माझ्या जावेनं तो कापून माझ्या उशाखाली ठेवला. आम्हाला मुंबई परवडणारी नव्हती. यजमान तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. आम्ही मुलगी दत्तक घेतली. आज ती नोकरीला आहे, मला रोज ओरडते बीपीच्या गोळ्यांवरून.

पण ऐका. "दत्तक घ्या की" असं कुणाला पटकन म्हणू नका. उपचार फसला की दुसऱ्या दिवशी माणसं हेच म्हणतात. दत्तक घ्यायचं तर मूल हवं म्हणून घ्यावं, रिपोर्ट विसरायला नव्हे. मला तयार व्हायला वेळ लागला आणि तो मी घेतला.

दुसरं, फार महत्त्वाचं. आपल्या भागात एखादी आया किंवा मधला माणूस येऊन सांगतो, "अमक्या गावात पोरीला दिवस गेलेत, बाळ तुमच्या हातात देते, एवढे द्या." जाऊ नका त्या वाटेला. तो गुन्हा आहे, आणि उद्या पोलीस आले तर ते लेकरू तुमच्या कुशीतून नेतील. नोंदणी कारा या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर करायची, मग घरी येऊन माणसं चौकशी करतात, घर, पगार, तब्येत बघतात. जिल्ह्यात बाल संरक्षण विभागात जाऊन विचारता येतं. पूर्वी आम्हाला कोर्टात जावं लागलं होतं, सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. लग्नाला दोन वर्षं झालेली पाहिजेत. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर नको. रांग लांब आहे, वर्षं जातात. म्हणून उपचार चालू असतानाच मनात विचार असेल तर चौकशी करून ठेवा.

शहापूरची_वैनी

काकू, तुम्ही मुलीला कधी सांगितलंत?

निपाणीकर_काकू

बोलायला लागली तेव्हापासून. गोष्टीसारखं सांगायची, "आम्ही तुला आणायला गेलो तेव्हा तू लाल टोपडं घालून होतीस." टोपडं अजून ट्रंकेत आहे. बाहेरच्यानं सांगण्याआधी घरातल्यानं सांगितलं की पोर घाबरत नाही.

उद्यमबाग_भट्टी

धागाकर्ते, एक सुचवतो. बायकांचे ग्रुप आहेत, पुरुषांचा नाही. दर महिन्याला एक दिवस आपण बेळगावात बसू. हॉटेलात नको, ओळखीचे भेटतात. किल्ल्याच्या तलावाकडं फिरायला भेटल्यासारखं भेटू. नाव सांगायची गरज नाही. ज्याला बोलायचंय तो बोलेल. ज्याला नाही त्यानं शेंगा खाव्यात.

हिरण्यकेशीकाठ

मला चालेल. दोन-तीन गोष्टी आधी ठरवू. फोटो नाही. कुणाचं गाव विचारायचं नाही. ज्याला गोड बातमी असेल त्यानं ती ग्रुपवर आनंदानं सांगावी, पण आधी सूचना लिहून, म्हणजे ज्याचा त्या दिवशी निकाल फसलाय त्याला वाचायचं की नाही ते ठरवता येईल. बायकांच्या ग्रुपात असं करतात, ती म्हणते फार उपयोग होतो. औषधाचं नाव कुणी घ्यायचं नाही. आणि कुणी फार खचल्यासारखं लिहिलं, जगण्याचंच नको वाटतं असं, तर त्याला सल्ला देत न बसता लगेच फोन करायचा. सरकारची टेलि-मानस १४४१६ ही मानसिक आधाराची मोफत फोन सेवा आहे, ती सगळ्यांनी मोबाईलमध्ये ठेवा.

माझी मूत्ररोगतज्ज्ञाची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. लहानपणी नाही, दहावीत असताना गालगुंड झाले होते आणि तेव्हा खालीही सूज आली होती, हे आईनं काल सांगितलं. रिपोर्टबद्दल आई आपणहून बोलली ती पहिल्यांदाच. ते कागदावर लिहून घेतलंय, डॉक्टरांना दाखवतो.

चंदगडी_पाव्हणा

मी पलीकडचा, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला, पण दवाखाना बेळगावचाच. रात्रभर हा धागा वाचला. माझी तपासणी झालेली नाही. बायकोच्या सगळ्या झाल्या. उद्या लॅबला जायचं म्हणतोय. उपाशी जायचं का? आणि चिठ्ठी लागते का? परवाच संबंध आला होता, मग चालेल का?

लॅबमधला

उपाशी यायची गरज नाही, चहा-नाश्ता करून या. परवा म्हणजे उद्यापर्यंत तीन दिवस होतात, चालेल. ताप येऊन गेला असेल किंवा काही गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर लिहा. चिठ्ठी बहुतेक लॅब मागत नाहीत, पण वहिनींच्या डॉक्टरांकडून घेतली तर रिपोर्ट थेट त्यांच्या फायलीत जातो. सकाळी लवकर या, गर्दी नसते, आणि काउंटरवर मोठ्यानं नाव सांगायला नको असेल तर कागदावर "सीमेन अ‍ॅनालिसिस" लिहून नुसता पुढं सरकवा. आम्हाला सवय आहे.